सतरा नंबरची खोड

संशय घेणं हा माझा स्वभावही आहे आणि पोटापाण्याचा धंदाही. प्रोग्राम लिहिणाऱ्यानं कुणाच्याच शब्दावर जाऊ नये. वापरणारा चुकीचं बटण दाबणार, वीज ऐन वेळी जाणार आणि ‘मी काहीच केलं नाही’ म्हणणाऱ्यानंच काहीतरी केलेलं असणार, असं धरून चालावं. म्हणून कार्तिकातल्या एका सकाळी आमच्याकडचे जुने कामगार ईश्वरामामा बंडगर माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, की माझी ‘राखण’ यंत्रणा आपलं बोलणं विसरते, तेव्हा मी पहिला संशय त्यांचाच घेतला.

“राखण विसरत नाही, मामा,” मी म्हटलं.

“दिसभर ध्येनात ऱ्हातंय की. दुसऱ्या दिशी सकाळी इचारलं तर कोरं. म्हंजे मधी कोन तरी पुसतंय.”

“काय पुसतंय?”

“पेवांच्या खोडी.”

हे नीट कळायचं तर आधी पेव कळायला हवं. आमचं तळसंगी सांगलीपासून फार लांब नाही. नदीकाठची माती इथं इतकी घट्ट, की वीस-पंचवीस फूट खोल खणलं तरी ढासळत नाही. वर एक माणूस जेमतेम आत जाईल एवढं तोंड आणि खाली रांजणासारखं पोट. आत उसाचं पाचट लावायचं, वाळलेली हळद ओतायची, तोंडावर फरशी ठेवून माती लिंपायची. चार-चार वर्षं हळदीला कीड लागत नाही. मागं पुरात बरीचशी पेवं बसली, मग शीतगृहं आली आणि पेवं मागे पडली. पुढे वीज मोजून मिळायला लागली, शीतगृहं बंद पडली आणि पेवांना पुन्हा दिवस आले. दोन वर्षांपूर्वी तळसंगी पेव संघानं एकतीस पेवं दुरुस्त करून घेतली, फरशीच्या जागी लोखंडी झाकणं बसवली आणि देखरेखीला मी लिहिलेली ‘राखण’ ठेवली.

कीड लागत नाही, कारण आत हवाच उरत नाही. हळद, पाचट आणि माती मिळून आतला प्राणवायू हळूहळू संपवतात आणि कर्बवायू सोडतात. तो हवेपेक्षा जड, तळाशी साचून बसतो. रंग नाही, वास नाही. ज्यानं कीड मरते त्यानंच माणूसही मरतो, आणि फार वेळ लागत नाही. म्हणून पेव उघडलं की आधी त्याला वारं खाऊ द्यायचं, मगच उतरायचं.

पण सगळी पेवं सारखी नसतात. तळसंगीची रीत अशी, की पेव झाकताना सगळ्यांत शेवटी वर येणाऱ्या माणसानं त्या पेवाची खोड मोठ्यानं सांगायची. अकराव्याच्या तोंडाला उन्हात तडे जातात, चोविसाव्यात उत्तरेकडून ओल येते, असं. आणि ज्यानं झाकलं त्यानंच उघडतानाही तोंडावर हजर राहायचं. राखण आल्यावर ही रीत सुटली. खोड यंत्राला सांगून ठेवायची, मग उघडायला कुणीही चालतं. या वैशाखापासून तर नुसतं बोलून सांगायची सोय मी करून दिली होती आणि त्याचा मला फार अभिमान होता.

“सतरा नंबरचं सांगतो,” ईश्वरामामा म्हणाले. “त्येच्या शेजारचं अठरा पुरात बसलं. त्येच्या पोकळीत वायू कोंडून हाय. मधल्या भिताडाला चीर हाय, पन हळदीच्या ढिगानं ती झाकलीया. निम्मं पेव रिकामं झालं की चीर उघडी पडती आन् वायू आत शिरतोय. म्हनून निम्म्यावर मानूस वर काढायचा, एक दिस थांबायचं, मग ऱ्हायलेलं काढायचं. म्या वैशाखात राखणीला सांगितलं. ती ‘नोंद घेतली’ म्हनली. परवा इचारलं, तर म्हनती ह्या पेवाची काय बी खोड न्हाई.”

“तुम्ही सांगितलंच नसेल. वैशाखातली गोष्ट आहे.”

“म्हनून तर परवा परत सांगितलं. सांजंला इचारलं, तर सगळं पाठ म्हनून दाखवलं. काल सकाळी कोरं. काल परत सांगितलं, आज कोरं. तुमी शिकलेली मानसं. बगा कोन हाय ते.”

मी बघितलं. राखणीत कुणी काही पुसलं की त्याची नोंद राहते. गेल्या महिन्याभरात काहीही पुसलेलं नव्हतं. आवाज साठवायला कायद्यानं बंदी, त्यामुळे मामांचं बोलणं परत ऐकायची सोय नव्हती. मी मामांना तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण पटल्याचं ते हलवणं नव्हतं.

संशयाचं एक आहे, एकदा शिरला की तो उपाशी राहत नाही. दुपारी मी स्वतः राखणीला सतरा नंबरची खोड सांगितली. तिनं नोंद घेतली, लगेच वाचून दाखवली. एवढंच नव्हे, सतराव्याच्या झाकणाची दिवसभराची आखणीही बदलली, ‘निम्म्यावर थांबा’ असा टप्पा त्यात घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बघितलं, तर टप्पा नाही, खोड नाही. मामा खोटं बोलत नव्हते. म्हणजे कुठंतरी पाणी मुरत होतं.

इथं राखण कशी चालते ते थोडक्यात सांगते. प्रत्येक पेवाचा एक साचा असतो. त्यात कप्पे: खोली, तोंडाचा घेर, हळदीची जात, झाकल्याची तारीख, तपमान, ओल, प्राणवायू, कर्बवायू, असे बेचाळीस. संघातल्या प्रत्येक कामगाराचाही असाच एक साचा. रोज पहाटे साडेपाचला राखण कायमच्या साठ्यातून सगळ्यांची एकेक ताजी प्रत उतरवून घेते. दिवसभर ती त्या प्रतीशी बोलते, प्रतीवरून झाकणं उघडते, सहा वाजता प्रतीवरूनच कामाची यादी काढते. दिवस मावळला की प्रतीतले बदल साठ्यात लिहिते आणि प्रत टाकून देते. म्हणजे संध्याकाळी असलेलं सकाळी नसेल, तर मधल्या वेळात कुणीतरी साठ्याला हात लावला. नोंद न ठेवता साठ्याला हात लावायला मुख्य किल्ली लागते. त्या किल्ल्या दोनच. एक माझ्याकडे, दुसरी भरतेशकडे.

भरतेश माझा भाऊ. नऊ वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो सातवीत होता. त्याचे डबे, त्याच्या फिया, त्याचे आजार, सगळं मीच केलं. तो आता संघाचा व्यवस्थापक होता. बायको बाळंतपणाला माहेरी गेल्यापासून सूर्यास्ताच्या आत माझ्याकडे जेवायला यायचा. त्याच्यावर संशय घेणं म्हणजे स्वतःवरच घेणं, असं मला वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी सरळ त्याच्या किल्लीच्या वेळा काढल्या.

गेला महिनाभर, एक दिवस न चुकता, पहाटे पाच चाळीसला तो राखणीत शिरत होता. चार मिनिटं आत, मग बाहेर.

कारणही माझ्या डोळ्यांसमोर होतं. सौदे तोंडावर आलेले, माल लवकर वर काढा म्हणून अध्यक्षांचा तगादा आणि प्रत्येक खोड म्हणजे एखाद्या दिवसाचा खोळंबा. ज्याला घाई आहे तो खोडी पुसणार. हिशेब इतका सरळ बसला, की मला पुढं काही शोधावंसंच वाटलं नाही.

संध्याकाळी तो जेवायला बसला. मी भाकरी वाढताना सहज विचारल्यासारखं विचारलं, “पहाटे किती वाजता उठतोस रे हल्ली?”

“असाच, पाचच्या सुमारास. झोप लागत नाही.”

“मग काय करतोस?”

“काय करणार. थोडं काम असतं.” त्यानं माझ्याकडे न बघता आमटीत भाकरी कुस्करली. मग एकदम म्हणाला, “अक्का, तू रात्री घरी आल्यावर राखण उघडतीस काय गं?”

“नाही. का?”

“काही नाही. सहज.”

चोर आपल्या मागावर कोण आहे ते चाचपतोय, एवढंच मला त्यातून कळलं. त्या रात्री मी त्याच्याशी नेहमीसारखी बोलले, आणि तसं बोलता येतं याचं मला स्वतःचंच नवल वाटलं.

मग मी सापळा लावला. नऊ नंबरच्या पेवाला कसलीच खोड नव्हती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी राखणीला एक खोटी खोड सांगितली, की नवव्याच्या झाकणाची बिजागरी सैल आहे, दोन माणसं लागतील. ईश्वरामामांना साक्षीला बसवलं. राखणीनं नोंद घेतली. सकाळी खोड गायब. किल्ल्यांची वही उघडली: भरतेश मगदूम, पाच चाळीस.

मी तशीच आवारात गेले. भरतेश माणसांना कामं वाटून देत होता. ईश्वरामामा शेजारीच होते. खरं तर साठीच्या वरच्या माणसाला राखण पेवावर लावत नाही. तो नियम मीच घातला होता, आणि मामा बासष्टचे. तरी रोजच्या यादीत त्यांचं नाव असायचं. भरतेशनं अध्यक्षांकडून काही सवलत घेतली असेल, असं धरून मी त्यात नाक खुपसलं नव्हतं.

“भरतेश, पेवांच्या खोडी का पुसतोस?” मी सगळ्यांसमोर विचारलं.

तो आधी हसला. मग माझा चेहरा बघून थांबला. “काय म्हणतीस?”

“रोज पाच चाळीसला आत शिरतोस. खोडी गायब होतात. मामा सतराव्याची खोड सांगून सांगून थकले. उद्या तिथं माणूस उतरणार आहे. मेला म्हणजे?”

“अक्का, काय बोलतीस कळतंय काय तुला?”

“मग पहाटे काय करतोस ते सांग.”

तो काहीतरी सांगणार होता. तोंड उघडलंही. मग त्यानं एकदा ईश्वरामामांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला वाटलं, सापडला.

“तूच सांगायचं मला?” तो हळू म्हणाला. “तू?”

“काय ते सरळ बोल.”

“काही नाही. माणसं मारायला निघालोय असं वाटतंय ना तुला? मग सतराव्यात उद्या दुसरा कोण नको. मी उतरतो. पाइप मी धरतो.”

हल्ली पेव रिकामं करायला एकच माणूस खाली लागतो. जाड पाइप हळद वर ओढून घेतो, खालच्या माणसानं त्याचं तोंड ढिगावर फिरवायचं. काम सोपं, म्हणून हट्टानं करायलाही सोपं. मला वाटलं, नाटक करतोय; ऐन वेळी कुणालातरी पुढं करेल.

त्या संध्याकाळी तो जेवायला आला नाही. मी अध्यक्षांना फोन केला आणि त्याची किल्ली बंद करून टाकली. मग पुरावा पक्का असावा म्हणून नवव्याची खोटी खोड पुन्हा एकदा राखणीला सांगून ठेवली. आता आत शिरणारं कुणी नव्हतं. उद्या ती जागच्या जागी सापडली, की भरतेशच चोर हे लेखी सिद्ध.

सकाळी फाटकापाशी गर्दी दिसली. ईश्वरामामांचा अंगठा यंत्र घेत नव्हतं. यादीत त्यांचं नावच नव्हतं, महिन्याभरात पहिल्यांदा.

“काडलं वाटतं मला,” मामा म्हणाले. “साक्षीला बसलो म्हनून आसंल.”

मलाही तेच वाटलं, आणि माझं डोकं आणखी तापलं. मामांना फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर बसायला सांगून मी ऑफिसात गेले आणि किल्ल्यांची वही उघडली. भरतेशनं पहाटे आत शिरायचा प्रयत्न केला होता. पाच चाळीस, पाच एक्केचाळीस, पाच चव्वेचाळीस. तिन्ही वेळा राखणीनं त्याला परत पाठवलं होतं. बघा, मी मनाशी म्हटलं, एवढं होऊनही हात शिवशिवतोच आहे. खिडकीतून दिसलं, सतराव्याचं झाकण उघडलं होतं, तोंडावर हिरवा दिवा होता आणि भरतेश कमरेला दोर बांधून उतरत होता. ज्यानं खोड पुसली त्याला निम्म्यावर थांबायचं ठाऊकच असणार, असं धरून दहा वाजेपर्यंत मी अध्यक्षांसाठी तक्रारीचा कागद लिहीत बसले. शेवटी पुरावा जोडायचा म्हणून नवव्याचं पान काढलं.

खोड तिथं नव्हती.

मी पुन्हा पाहिलं. भरतेश आत शिरलेला नव्हता. मी शिरले नव्हते. कुणीच शिरलं नव्हतं आणि खोड नव्हती. मग जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं, स्वतःचा प्रोग्राम उघडला.

मी वापरते त्या जावास्क्रिप्ट भाषेचा स्वभाव मोठा मनमिळाऊ आहे. तुमच्या हातात एखादी वस्तू असली, की तिला वाटेल तो गुण चिकटवा, ती नाही म्हणत नाही. चिकटवलेला गुण वाचून दाखवते, त्याच्यावरून वागतेही. पण साठ्यात जायची वेळ आली की साचा आडवा येतो. ज्याला साच्यात कप्पा आहे ते आत जातं. ज्याला नाही ते दाराशीच गळून पडतं. खोडीला कप्पा नव्हता. बेचाळीस कप्पे करताना मी तो केलाच नव्हता. दिवसभर खोड प्रतीला चिकटून राहायची, राखण तिच्याशी इमानानं वागायची, आणि संध्याकाळी प्रतीबरोबर तीही जायची. पुसायला कुणी लागतच नव्हतं. लिहिलेलंच नव्हतं ते पुसणार कोण?

पण असं काही गळालं, की यंत्रानं ओरडायला हवं. तसं ते ओरडायचंही. वैशाखात अध्यक्षांना बोलण्याची सोय दाखवताना ते कौतुकानं राखणीला म्हणाले होते, ‘या पेवाचं नाव गजलक्ष्मी ठेव.’ पडदा लालभडक झाला आणि उत्तर आलं, ‘असा गुण साच्यात नाही.’ सगळे हसले. माझा अपमान झाला. दुसऱ्या दिवशी मी एक ओळ बदलली. ती ओळ आता माझ्यासमोर होती आणि तिच्याशेजारी मीच लिहिलेली टीप: साच्याबाहेरचं काही आलं तर गुपचूप सोडून द्यावं, तक्रार करू नये.

पेवांच्या जेवढ्या म्हणून खोडी होत्या, त्या वैशाखात मामांनी सांगितल्या होत्या. त्याच संध्याकाळी सगळ्या गेल्या होत्या. सतरा नंबरचीही. मी घड्याळ पाहिलं. सव्वादहा झाले होते आणि पाइप अडीच तास चालू होता.

मी धावत फाटकावर गेले, मामांना दंडाला धरून आडव्या दांड्याखालून आत घेतलं आणि पळता पळताच सांगितलं, की खोड कुणी पुसली नाही, यंत्रानंच ठेवली नाही. मामांनी ‘का’ विचारलं नाही. “निम्मं झालं आसंल?” एवढंच विचारलं.

सतराव्याच्या तोंडावर यंत्रचालक सुकुमार उभा होता. हिरवा दिवा जळतच होता.

“वर घे त्याला,” मी ओरडले.

“मॅडम, हवा चांगली हाय की. हिरवं हाय.”

हवा तपासणारं यंत्र ज्या भिंतीला लटकत होतं, तिच्या बरोबर समोरच्या बाजूला ती चीर. वायू जमिनीलगत सरपटत यायचा. यंत्राला कळेपर्यंत तो माणसाच्या छातीपर्यंत आलेला असणार. मामा तोंडावर ओणवे झाले आणि त्यांनी हाक घातली. “भरतेशऽ, ओ द्या.” खालून पाइपचा आवाज तेवढा आला.

मी कमरेला दुसरा दोर बांधायला लागले. मामांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. “एकाचं दोन करू नगा. सुकुमार, पाइप उलटा फिरव. वारं आत सोड. जोरात.”

सुकुमारनं पाइप उलटा फिरवला. आत हळदीचं पिवळं धुकं उठलं, काही दिसेना. मामा दोराला हात लावून बसले, खेचेनात. मी म्हटलं, खेचा. ते म्हणाले, “बेसुद मानूस ह्या तोंडातनं सरळ येत न्हाई. मान आडकंल. श्वास लागू द्या पयला.” मी तिथं मातीत बसले आणि मनात मोजत राहिले. किती मोजलं ते आठवत नाही. एकदा खालून खोकल्यासारखं काही आलं. मग मामांनी दोर अर्धा हात वर घेतला, थांबले, परत घेतला. सुकुमारनं मागून ताण धरला. भरतेशचं डोकं तोंडाशी आलं तेव्हा ते हळदीनं पिवळंजर्द होतं आणि डोळे अर्धवट उघडे होते. तो जिवंत आहे हे मला मामांनी सांगावं लागलं.

सांगलीच्या दवाखान्यात तो दोन दिवस यंत्रावर होता. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष भेटायला आले. ते वाईट माणूस नाहीत, पण त्यांना अहवाल पाठवायचा होता. राखणीत सतराव्याच्या खोडीची एकही नोंद नाही, म्हणजे बंडगरनं ती सांगितलीच नाही, आणि व्यवस्थापक आपल्या मर्जीनं उतरला. असा कागद त्यांनी तयार करून आणला होता. माझी फक्त सही हवी होती. सही केली असती तर कुणाला कधी कळलं नसतं. जे यंत्र तक्रार करत नाही ते साक्षही देत नाही. मी तो कागद परत दिला आणि दुसरा लिहिला. त्यात ती ओळ, ती टीप आणि माझं नाव होतं. अध्यक्षांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, “हे लिहायलाच पाहिजे काय?” मी म्हटलं, लिहायलाच पाहिजे. त्यानंतर संघात माझी जागा राहणार नव्हती हे आम्हा दोघांनाही कळलं.

तिसऱ्या दिवशी भरतेश बोलायला लागला. आवाज घोगरा होता, पण डोकं ठिकाणावर होतं. मी त्याला सगळं सांगितलं: साचा, कप्पे, गळून जाणारे गुण, माझी ओळ. तो डोळे मिटून ऐकत राहिला. मग म्हणाला, “माणसांच्या साच्यालाही तसंच होतंय?”

“हो. का?”

“मामांचं असं होतं,” तो अडखळत बोलायला लागला. “साठीचा नियम. यंत्र त्यांना यादीत घेत नव्हतं. मला वाटत होतं, पेव उघडताना ते तोंडावर पाहिजेत. त्यांना जेवढं कळतंय तेवढं कुणाला कळत नाही. म्हणून मी त्यांच्या नावाला एक लावून ठेवलं, ‘पेवाच्या तोंडावर हजर हवा.’ लावलं की सहाच्या यादीत नाव यायचं. दुसऱ्या दिवशी बघितलं तर गेलेलं. परत लावलं. परत गेलेलं. मग रोजच लावायला लागलो.”

“पाच चाळीसला.”

“हं.”

“आणि परवा?”

“परवाही तीनदा बघितलं. किल्ली चालली नाही.”

मला त्याच्याकडे बघवेना. सतराव्याच्या तोंडावर त्या सकाळी मामा नव्हते, कारण मी त्याची किल्ली बंद केली होती. आदल्या दिवशी सगळ्यांसमोर मी त्याला खुनी ठरवलं, आणि तरी पहाटे उठून तो तेच करायला गेला होता.

“रोज नाव जात होतं, तर ते कोण काढतंय असं वाटत होतं तुला?” मी विचारलं, पण उत्तर मला माहीत होतं.

“किल्ल्या दोनच आहेत, अक्का.”

“म्हणजे मी.”

“नियम तूच घातलेला. तू नियमाला किती पक्की आहेस ते मला ठाऊक नाही काय? मला वाटलं, तू रोज काढतीस. मी रोज लावत होतो.” त्यानं दमून थोडा श्वास घेतला. “महिनाभर.”

“मला एकदा विचारायचंस तरी.”

“विचारणार होतो. पण विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.”

“मग?”

“मग मला वाटलं असतं, अक्का खोटं बोलते,” तो म्हणाला. “ते मला नको होतं.”